परत येताना थांबू

साताऱ्यात केशवराव निगडे म्हणून एक गृहस्थ होते. एसटीच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची हयात गेली. त्यांच्या हाताखालची गाडी कधी उशिरा सुटली नाही, याचा त्यांना फार अभिमान. निवृत्त झाले तरी घड्याळ काही मनगटावरून उतरलं नाही.

त्यांच्या पत्नीच्या, वत्सलाबाईंच्या, डोळ्यांना पडद्याचा आजार जडला. दृष्टी हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. त्यांची मुलगी रेवती आयर्लंडमध्ये नोकरीला होती. ती म्हणाली, "आईला दिसतंय तोवर इकडे या. तिला इथला समुद्र दाखवते."

दोघं गेले. रेवतीने एक कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली. चाकांवरचं घरच ते. आत शेगडी, छोटा ओटा, बसायला बाकं. सकाळी लख्ख ऊन होतं. रेवती गाडी चालवत होती, केशवराव तिच्या शेजारी, आणि मागे खिडकीला नाक लावून वत्सलाबाई. एका बाजूला हिरवी कुरणं, दगडी बांध, आणि दुसऱ्या बाजूला निळाशार समुद्र. पुढे उंच कड्यांची एक प्रसिद्ध जागा होती. तिथे दुपारच्या आत पोचायचं, असं केशवरावांनी ठरवून टाकलं होतं.

वाटेत एका वळणावर वत्सलाबाई एकदम ओरडल्या, "अहो, थांबवा, थांबवा! खाली खडकावर सील पहुडलेत. पिल्लूही आहे वाटतं!"

रेवतीने गाडी हळू केली. केशवरावांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आत्ता नको," ते म्हणाले. "कड्यांवर गर्दी व्हायच्या आत पोचू. परत येताना थांबू, मग बस हवा तेवढा वेळ."

"बाबा, पाचच मिनिटं," रेवती म्हणाली.

"पाच मिनिटांचा अर्धा तास कसा होतो, ते मला विचार. चल पुढे."

गाडी पुढे गेली. वत्सलाबाई मान वळवून मागे बघत राहिल्या. जेवायलाही कुठे थांबले नाहीत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वत्सलाबाईंनी चालत्या गाडीतच हातावर वाढली.

कड्यांवर ते अगदी ठरल्या वेळी पोचले. केशवराव खुशीत खाली उतरले. पण तेवढ्यात समुद्रावरून धुकं चढत आलं. बघता बघता कडे दिसेनासे झाले, शेजारचा कठडासुद्धा पुसट झाला. बराच वेळ वाट पाहिली. धुकं काही हललं नाही.

परतताना केशवरावांनी आठवणीने ते वळण शोधायला लावलं. तिथेही धुकं पसरलं होतं. वत्सलाबाई रस्त्याच्या कडेला शाल गुंडाळून उभ्या राहिल्या. खालून नुसती लाटांची गाज येत होती.

"आवाज छान आहे," एवढंच त्या म्हणाल्या आणि गाडीत येऊन बसल्या.

पुढल्या हिवाळ्यापर्यंत त्यांची नजर पुरती गेली. एकदा दुपारी शेंगा सोलता सोलता त्यांनी विचारलं, "अहो, त्या खडकावर किती सील होते हो? मला ओझरतेच दिसले. पिल्लू आईला बिलगून होतं, की वेगळं पडलं होतं?"

केशवराव उठून आत गेले आणि त्यांनी रेवतीला फोन लावला.

"मी रस्त्याकडे बघत होते बाबा," रेवती म्हणाली. "तुम्ही होतात ना त्या बाजूला?"

ते बाहेर आले. बिलगून होतं, असं सहज सांगता आलं असतं. ते शब्द त्यांच्या ओठांवर आलेही होते. पण उत्तरासाठी त्यांच्या दिशेने वळलेला तो चेहरा पाहून त्यांना खोटं बोलवेना.

"मला नाही माहीत, वत्सला. मी घड्याळ बघत होतो."

शेंगा सोलणारे हात क्षणभर थांबले.

"म्हणजे आपल्यापैकी कुणीच नाही पाहिलं म्हणायचं," वत्सलाबाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर केशवरावांना बरं वाटलं असतं.

तात्पर्य: जवळच्या माणसाने थांब म्हटलं की तिथेच थांबावं. परतताना रस्ता तोच असतो, पण पाहायचं ते तिथे उरलेलं असेलच असं नाही.