तुळजाच्या पायांची माती

“मग औषध कोणतं, बाबा? तेवढं सांगा. फवारायचं असेल तर फवारते, बुडात ओतायचं असेल तर ओतते.”

भानुबुवा आत वाफ्यात वाकून खुरपत राहिले.

तुळजा मठाच्या भाजीमळ्याच्या कवाडाबाहेर उभी होती. हातात वांग्याचं उपटलेलं झाड. बोटभर वांगी लगडलेली, आणि पानं लोंबलेली... तापात लेकरू मान टाकतं तशी.

याच मळ्यात ती चार वर्षं बुवांच्या हाताखाली शिकली होती. आता वस्तीतल्या बाया वांग्यांचं काही झालं की तिला बोलवायच्या. तिलाही ते आवडायचं. नाही बोलवलं तरी जायची.

“पिवळं पडलं नाही, कीड नाही,” ती म्हणाली. “दुपारी मान टाकायचं, सकाळी पुन्हा ताठ. मला वाटलं, तहानलंय. पाणी वाढवलं.”

“मग?”

“चौथ्या दिवशी उठलंच नाही. मग त्याच्या शेजारचं. मग पाणी जिकडं गेलं तिकडची सगळी ओळ...”

बुवा बाहेर आले. झाड घेतलं, कोयत्यानं बुडाजवळ खोड कापलं आणि कापलेलं टोक पेलाभर स्वच्छ पाण्यात धरलं.

दोघंही बघत राहिली.

थोड्या वेळानं खोडातून एक पांढरी तार खाली उतरली. दुधासारखी. संथ.

“हे काय?”

“मर. जंतू आहेत ते. मातीतून येतात, पाण्यातून पुढं जातात.”

“आणि औषध?”

“झाडाला धरलं की नाही. मुळासकट उपटायचं, जाळायचं. त्या जागी तीन वर्षं वांगं नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही, बटाटा नाही. मका लावायचा.”

“हे ठाऊक आहे मला. तुम्हीच शिकवलं.”

“आणि वांगी कुठं लावलीस?”

“तिथंच. चौथं वर्ष.” तुळजाचा आवाज जरा चढला. “जागा गुणाची होती हो! मागच्या साली अख्ख्या वस्तीत माझ्यासारखी वांगी नव्हती. बाया म्हणायच्या, तुळजाताईचा हात लागला तर काठीलाही वांगं धरेल.”

“काठी लावायची होतीस. काठीला मर लागत नाही.”

तुळजाला हसू आलं नाही.

बुवांनी झाड धुनीत टाकलं. परत आले तर तुळजा कवाडातून आत बघत होती. मठाची वांगी भर उन्हात ताठ उभी होती.

“तुमची बरी राहिली. बघू तरी द्या काय करता ते.”

तिनं कवाड ढकललं. पाय उचलला.

“थांब.”

बुवा घमेलं आणि भरलेली कळशी घेऊन आले. तिच्यापुढं खाली बसले. सत्तरीचा माणूस, गुडघे कटकन वाजले.

“पाय ठेव यात.”

“अगंबाई! बाबा, उठा आधी. मी तुमचे पाय धुवायचे का तुम्ही माझे? कोणी बघितलं तर काय म्हणेल!”

“ठेव.”

तिनं ठेवला. डोळे भरून आले तिचे. वाटलं, एवढा मान...

बुवा नारळाच्या शेंडीनं घासत होते. बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा, नखांच्या कडा. मग तिच्या कमरेचं खुरपं मागून घेतलं, तेही घासलं. पाणी काळं झालं.

“चार वर्षं शिकवलं तुला,” ते म्हणाले. “हे एक राहिलं माझ्याकडून.”

तुळजा वाकली. पाणी वाया घालवायची सवय नव्हती तिला. घमेलं उचललं आणि नेहमीसारखी मळ्यातल्या सरीकडं वळली.

“तिकडं नको!”

बुवांना ओरडताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी घमेलं काढून घेतलं. लांब चालत गेले आणि तापलेल्या खडकावर ओतलं. पेल्यातलं पाणीही तिथंच ओतलं.

खडक वाळला. वर काळी माती तेवढी राहिली.

मागोमाग आलेली तुळजा त्या मातीकडं बघत होती. मग स्वतःच्या पायांकडं.

“बाबा... हे मान म्हणून नव्हतं.”

बुवांनी रिकामं घमेलं खडकावर उन्हात पालथं घातलं.

“काल मी माझ्या रानातून उठून तशीच सखूची वांगी बघायला गेले. तिथून पारूकडं. मग अंजिरानं हाक मारली, तिच्याकडं. हेच पाय. हेच खुरपं.”

“अंजिरानं का बोलवलं?”

“तिची दोन झाडं दुपारी झोपली होती. पहिल्यांदाच लावलीत हो तिनं. पाठीला लेकरू बांधून एकेक रोप लावलंय. मला म्हणाली, ताई, तू बघितलंस की मला झोप लागेल.”

“तू काय सांगितलंस?”

“तहानलीत म्हटलं. पाणी सोड म्हटलं.”

“तुझी ओळ तेव्हा गेली होती?”

“गेली होती.” तिनं पदर तोंडाला लावला. “कसं सांगणार होते, बाबा? सगळ्या मलाच विचारायला येतात. माझीच मेली, हे कोणत्या तोंडानं सांगू?”

वाऱ्यानं कवाड आपोआप लागलं.

“पाणी कधी सोडणार ती?”

“आज. दुपारी पाण्याची पाळी आहे तिची.”

बुवांनी वर बघितलं. ऊन डोक्यावर यायला आलं होतं.

“मी तरी कशी जाऊ आता?” तुळजा म्हणाली. “माझ्या रानातूनच वाट आहे. गेले तर पुन्हा हेच घेऊन जाणार. नाही गेले तर...”

बुवांनी धुतलेलं खुरपं तिला दिलं नाही. स्वतःजवळच ठेवलं.

“जा. अंजिराच्या बांधावर थांब. आत पाऊल टाकू नकोस. तिथूनच ओरडून सांग, माझी वांगी मरनं गेली, पाणी सोडू नका... सखूला, पारूलाही ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं.”