रिव्हर्सचा डबा

पेट्रोल बाटलीने मिळायचं तेव्हाची गोष्ट. शर्यतीच्या एका छोट्या गाडीत फटफटीचं इंजिन बसवलं होतं, आणि त्याला क्षणभरही चैन नव्हतं.

“वजन उतरवा, मिस्त्री!” असं म्हणत ते हैदर मिस्त्रींच्या मागे लागलं. मिस्त्रींनी दारं काढली, साखळी कुरकुरते अशी तक्रार केली तेव्हा तिच्या जागी चाकं फिरवणारा मजबूत शाफ्ट घातला. तरी त्याची चुळबुळ थांबेना.

“हा रिव्हर्सचा डबा कशाला वागवायचा?”

“मागे सरायला,” डबा म्हणाला.

“शर्यतीत मागे कोण सरतं रे?”

वैतागून मिस्त्रींनी डबा काढून फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाडी सगळ्यांच्या पुढे सुटली, आणि उतारावर वळण चुकून भिंतीला नाक टेकून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. मागच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. इंजिन घसा फाटेस्तोवर ओरडत राहिलं.

फक्त दोन हात मागे सरायचं होतं.