पडेल तेव्हा बघू म्हणणाऱ्या म्हाळसेची कहाणी

ऐका वास्तुमाय, तुमची कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका. दरवर्षी सांगते, दरवर्षी माना डोलावता आणि घरी जाऊन विसरता.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं म्हाळसा नावाची एक बाई होती. नवरा मागं दोन मजली घर ठेवून वारला. म्हाळसा खाली राही, वर तीन बिऱ्हाडं ठेवी. त्या भाड्यावर तिची चूल पेटे, दुसरा आधार नव्हता. भाडं आलं की म्हाळसा काय करी? आज हातात सोन्याचे गोठ करी, उद्या पैठणी घेई, परवा भाचीला तोडे घडवी. घराला मात्र एक खिळा मिळत नसे.

वर सगुणा राहत होती, लेकुरवाळी. ती खाली आली, म्हणाली, टाकीला तडा गेलाय. म्हाळसा म्हणाली, "फुटेल तेव्हा बघू." आता वास्तू घरात सदा तथास्तु म्हणते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण म्हाळसेला कोण सांगणार? वास्तू म्हणाली, तथास्तु. टाकी फुटली. एक बिऱ्हाड निघून गेलं.

मग सगुणा आली, म्हणाली, गच्चीला भेगा पडल्या. म्हाळसा म्हणाली, "गळेल तेव्हा बघू." वास्तू म्हणाली, तथास्तु. गच्ची गळली, गाद्या भिजल्या. दुसरं बिऱ्हाड गेलं.

मग सगुणा पुन्हा आली. तिच्या चिकाटीची कमाल म्हणायची. म्हणाली, जिन्याची लाकडं कुजलीत. म्हाळसा पैठणीची घडी घालत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "पडेल तेव्हा बघू." वास्तूनं कपाळाला हात लावला, आणि म्हणाली, तथास्तु.

पहिली तारीख आली. म्हाळसा भाडं घ्यायला वर गेली, उतरू लागली, जिना पडला. बघायला तीच होती, जिन्यावर. पाय मोडला. सगुणा लेकराला घेऊन शिडीनं उतरली, म्हणाली, महिनाअखेर आम्हीही जातो.

म्हाळसा देवघरापुढं रडली. सगुणा गेली तर मी खाऊ काय, म्हणाली. मग वास्तू प्रकट झाली. तिचाही जीव विटला होता. म्हणाली, "तू मागितलंस, मी दिलं. आता माझ्यापाशी काय रडतेस?" म्हाळसेनं पाय धरले, वसा मागितला. वास्तू म्हणाली, "भाडं हाती आलं की आधी दहावा वाटा माझा, वेगळ्या डब्यात. टाकीला, जिन्याला, गच्चीला माणसासारखं आयुष्य असतं. नवी वस्तू आणशील त्याच दिवसापासून तिच्या जाण्याची सोय लाव. त्या डब्यातून दागिना नाही, लुगडं नाही, भाचीचं लग्न नाही."

म्हाळसेनं गोठ मोडले. जिना केला, टाकी आणली, भेगा बुजवून गच्ची घोटून घेतली. सगुणा म्हणाली, एक पावसाळा बघते, गळलं तर जाते. गळलं नाही, ती राहिली. म्हाळसा वाटा काढत गेली.

काही वर्षांनी भाचीचं लग्न ठरलं. बहीण पैसे मागायला दारात आली. म्हाळसेचा हात डब्यावर गेला. पुढच्या महिन्यात भरीन, असं अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात वास्तू ऐकते आहे हे आठवलं. ती तथास्तु म्हणाली तर वाटा जन्मभर पुढच्याच महिन्यात राहील, म्हणून म्हाळसेनं जीभ चावली. बहीण रुसली, ती रुसू दे.

पुढं टाकीचं आयुष्य सरत आलं. पाणी ठिबकण्याआधी म्हाळसेनं डबा उघडला, माणसं बोलावली. सगुणा जिना उतरून आली. आता ही काय सांगते, म्हणून म्हाळसेनं मान वर केली. सगुणा म्हणाली, "नणंद खोली शोधते आहे. घर कसं आहे विचारत होती. मी म्हटलं, डोळे मिटून ये."

म्हाळसा तिथंच बसून रडली. ओसाड पडलेली खोली झाडायला दोघी मिळून वर गेल्या.

जशी वास्तुमाय म्हाळसेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. उठण्याआधी वाटा काढा गं बायांनो, नाहीतर पुढच्या वर्षी मलाच पुन्हा ओरडावं लागेल. साठ दुरुस्त्यांची कहाणी पाचांत आटोपली, सुफळ संपूर्ण झाली.