भिंतीवरचे बॉक्सर

बॉक्सिंग क्लबच्या भिंतीवर आजवरच्या महान बॉक्सरांचे फोटो लागायचे होते. अध्यक्ष नाईकनवऱ्यांनी पहिला फोटो आपल्या वडिलांचा लावला आणि म्हणाले, "या खरातांचा कशाला? बाबांनी त्यांना लोळवूनच चॅम्पियनपद घेतलं. किरकोळ गडी."

ठोसे खाऊन खाऊन स्मरणशक्ती गेलेले आप्पा खरात समोरच बसले होते, जुना ब्लेझर घालून. त्यांची नवी सून नयना हळूच म्हणाली, "साहेब, आप्पा किरकोळ, तर त्यांना लोळवणारे तुमचे बाबा महान कसे?"

अध्यक्षांनी आप्पांचा फोटो शेजारी लावला. टाळ्या वाजल्या.

त्या आवाजाने दचकून आप्पांनी दोन्ही मुठी तोंडापुढे धरल्या.

"घंटा झाली, आप्पा. फेरी संपली," नयना म्हणाली.

तरी मुठी सुटेनात.