घोरणारा द्वारपाल

फार पूर्वी एका गावात खेळाच्या पेट्या करणारा एक कारागीर राहत होता. गोष्ट अगदी खरी, गळ्याशपथ. सांगणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. आता तेव्हा सांगणाऱ्याच्या आजोबांचाही जन्म झाला नव्हता, पण त्याने काय बिघडतं?

हा कारागीर लाकडी भुलभुलैया करी. पेटीच्या आत गल्ल्या, चोरदारं, फसवे जिने. त्यातून वाट काढत गोटी शेवटच्या दालनात नेली की खेळ जिंकला. नवी पेटी दहा आण्यांना. पण वाट एकदा सापडली की मजा संपली. मग लोक ती जुन्या बाजारातल्या मावशीला सहा आण्यांना विकत, आणि मावशी ती सात आण्यांना दुसऱ्या कुणाला देई.

हे पाहून कारागिराच्या पोटात दुखायचं. "मेहनत माझी नि गल्ला हिचा!" तो दारातूनच ओरडे. "मावशी, माझी गिऱ्हाइकं पळवतेस तू!"

"तुझीच उष्टी भांडी घासते रे बाबा," मावशी हसून म्हणे.

एका वर्षी त्याने डोकं लढवलं. प्रत्येक पेटीच्या दारात बोटभर उंचीचा लाकडी द्वारपाल बसवला. हा द्वारपाल पहिल्या मालकाचा हात ओळखी. दुसऱ्या कुणी पेटी उचलली, की दार लावून घेई आणि पाठ फिरवून झोपे. वर घोरेसुद्धा!

"आता बघतो. ज्याला खेळायचंय, त्याला नवीच घ्यावी लागेल," कारागीर स्वतःशीच म्हणाला. घरात होतं नव्हतं ते त्याने सागवानात घातलं आणि जत्रेसाठी ढीगभर पेट्या केल्या. त्या खपल्या नाहीत, तर कारखाना विकण्यावाचून गत नव्हती.

जत्रेत पहिली आली ती कासारीण. दरवर्षी घासाघीस न करता नवी पेटी नेणारी.

"दादा, जिंकून झाल्यावर हिचे मावशी किती देईल?"

"छदामही नाही! दुसऱ्याच्या हातात ही चालतच नाही," कारागीर छाती फुगवून म्हणाला.

कासारणीने पेटी खाली ठेवली. "मग चार आण्यांना दे."

"चार? दरवर्षी मुकाट दहा देतेस की!"

"देते ना. पण सहा परत येतात. मला पेटी चारालाच पडते, दादा. माझी ऐपत तेवढीच."

"म्हणजे इतकी वर्षं मी चारालाच विकत होतो?"

"छे रे, तू दहाच घेत होतास. त्यातले सहा माझ्यामागून खेळणारा देत होता. त्याच्याच तोंडावर तू आज दार लावलंस!"

कारागिराने तिला हसून वाटेला लावलं. पण तिच्यामागून जो जो आला, त्यानेही चारच सांगितले. जुन्या पेट्या घेणारे तर दहा आणे ऐकूनच पुढे सरकले. चार आण्यांत लाकडाचाही खर्च निघत नव्हता.

संध्याकाळी तो मावशीपुढे जाऊन उभा राहिला. विकायला जुनी पेटीच नसल्याने तिची चटई रिकामी होती.

"मावशी, चुकलो. लोक खेळून झाल्यावर आणतील त्या माझ्या पेट्या पुन्हा घेत जाशील?"

"घेईन की. पण तुझा तो पहारेकरी आधी घालव. त्याच्या घोरण्याने माझं गिऱ्हाईक जांभया देईल!"

दुसऱ्या दिवशी कारागिराने सगळे द्वारपाल उपटून काढले. कासारणीने पेटी दोनदा हलवून पाहिली, मावशीच्या चटईकडे एक नजर टाकली आणि मुकाट दहा आणे मोजले. जत्रा उठली तेव्हा एकही पेटी उरली नव्हती. कारखाना वाचला.

तात्पर्य: वस्तू उद्या विकता येते, म्हणून आज तिला पुरी किंमत मिळते. उद्याचं दार बंद करणाऱ्याने आजचा भावही उतरवायची तयारी ठेवावी.

राहता राहिलं खरंखोटं. द्वारपाल खरा, त्याचं घोरणंही खरं. कारागीर आपल्या पायांनी मावशीकडे गेला आणि 'चुकलो' म्हणाला, तेवढं मात्र पदरचं घातलंय.