विरघळणारं की वितळणारं?

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा मिठागरी होता. नाव जोमा. तिशी उलटली तरी लग्न जमत नव्हतं. शेवटी पलीकडच्या गावचे हिराजीमामा आपली लेक गोमती त्याला द्यायला तयार झाले. आईनं बजावलं, "ही सोयरीक मोडलीस तर जन्मभर एकटा राहशील."

सोयऱ्यांकडे पहिल्यांदा जाताना आपल्या आगरातलं मीठ न्यायची रीत होती. जोमा पिशवी घेऊन होडीत बसला. ऊन कडक. मिठाला उन्हाचा त्रास नको म्हणून त्यानं कापडी पिशवी वाटभर खाडीत बुडवून धरली. मीठ पाण्यातूनच येतं, म्हणजे पाणी हे त्याचं माहेर, असा त्याचा हिशोब. मामांच्या हातात त्यानं ओली, रिकामी पिशवी ठेवली. म्हणाला, "कशी गार आहे बघा!"

मामांच्या शेजारी शाळेतले गुरुजी राहत. ते म्हणाले, "अरे, मिठाचे कण वीजभारानं एकमेकांना घट्ट धरून असतात. उन्हाला ते दाद देत नाहीत. पाण्यात मात्र सुटे होतात. ऊन चालेल, पाणी नको!"

"बरं," जोमा म्हणाला.

पुढच्या खेपेला आईनं लोण्याचा गोळा दिला. जोमानं तो केळीच्या पानावर घेऊन भर उन्हात डोक्यावर धरला. पाण्याचा थेंब लागू दिला नाही. पोचेपर्यंत सगळं लोणी सदऱ्यात उतरलं होतं. त्यानं मामांना सदरा काढून दिला.

गुरुजी म्हणाले, "लोण्याचे रेणू एकमेकांना सैल धरतात रे! ऊन लागलं की वितळलं. पाण्यात मात्र विरघळत नाही. ते पाण्यात ठेवून न्यायचं."

"बरं," जोमा म्हणाला.

मग साखरपुडा आला. जोमानं सगळी साखर कळशीभर पाण्यात ठेवून नेली. मामा बिचारे चांगले. त्यांनी पाहुण्यांना पेलाभर गोड पाणी दिलं आणि साखरपुडा झाला असं जाहीर केलं.

गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. "साखर विरघळतेही आणि वितळतेही! आता नियम नकोत. काहीही नेण्याआधी त्याच ढिगातलं थोडं घे. आधी पाण्यात टाक, मग विस्तवावर धर. काय होतं ते बघ, मगच बाकीचं ने."

"बरं," जोमा म्हणाला.

लग्न लागलं. पाठवणीला सगळे धक्क्यावर जमले. मामांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "जावईबापू, पोर फार नाजूक आहे हो. वाटेत खाडी आहे, वर ऊन आहे. जपून न्या."

जोमा घाबरला. खाडीही आणि ऊनही! गोमतीला काही झालं असतं तर त्याला सहन झालं नसतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. त्याच ढिगातलं, म्हणजे त्याच घरातलं, म्हणजे मामाच. त्यानं मामांना उचललं आणि खाडीत टाकलं.

बायका किंचाळल्या. मामा गटांगळी खाऊन वर आले, खोकले, शिव्या देऊ लागले. जोमानं त्यांना नीट न्याहाळलं. त्याच्या जिवात जीव आला.

"गोमती, पाण्याची काळजी नको!" तो आनंदानं ओरडला. "मामा विरघळले नाहीत! आता कुणीतरी विस्तव आणा."