ठकाईनं अडवलेली पंगत

जेव्हा कड्यावर गिधाडं भरपूर होती आणि गावात घड्याळ नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

आपल्या हेदवणच्या डोक्यावर जो उभा कडा आहे ना, तो तेव्हा गिधाडांच्या शिटेनं पांढरा झालेला असायचा. उन्हात असा चमकायचा, की खाडीतले तांडेल त्याच्याकडे बघून होडी वळवायचे, असं म्हणतात.

कड्याखाली धनगरवाडा होता. तिथं ठकाई राहायची. नवरा तरणाच गेला, मूलबाळ नव्हतं. म्हशी राखायची, ताक विकायची आणि रिकामी झाली की गिधाडं बघत बसायची. बाकीच्यांना ती पाखरं ओंगळ वाटत. ठकाई म्हणायची, ओंगळ कसली, जेवण झालं की ओढ्यावर जाऊन आंघोळ करतात, तुमच्यातले किती जण करतात? तिला सगळं ठाऊक होतं. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, नर आणि मादी आळीपाळीनं ते उबवतात, आणि पिल्लाचा घास गळ्यात साठवून आणतात.

गावात जनावर मेलं, की ढोरखडकावर टाकायची रीत होती. दावं सोडायचं आणि मागं न बघता परतायचं. आभाळात एक ठिपका दिसायचा. ते पाखरू उतरलं, की त्याला बघून लांबचं दुसरं यायचं, त्याला बघून तिसरं. बघता बघता खडक भरून जायचा. मागं उरायची ती हाडं, धुतल्यासारखी. घाण नाही, दुर्गंधी नाही. लोक त्याला पंगत म्हणत.

एका वर्षी शिमग्याच्या आधी एक गिधाड रावजी पाटलाच्या माडीवर येऊन बसलं. त्यानंतर पाटलाचा एक बैल मेला, आणि मागोमाग दुसरा. गिधाड बसलं की घर ओस पडतं, असं लोक मानायचे. रावजी वाईट माणूस नव्हता, पण घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस वाईटापेक्षा जास्त नासधूस करतो. दुसरा बैल हरण्या. त्याचं पोट चिरून पाटलानं आत बचनागाचं विष भरलं आणि तो खडकावर टाकायला लावला. सगळी गिधाडं एकाच पंगतीत संपवायची, असा त्याचा बेत.

पाटलाच्या गड्यानं ताक पिता पिता ही गोष्ट ठकाईला सांगितली. ती तशीच उठली. कड्यावर त्या दिवसांत पिल्लं होती. आईबापांनी गळ्यातून तेच विष नेऊन त्यांना भरवलं असतं.

ती खडकावर गेली आणि मेलेल्या बैलावर बसली. गिधाडं उतरायला लागलीच होती. जन्मभर ज्यांना कौतुकानं बघितलं, त्यांच्यावर तिनं काठी उगारली. म्हणाली, "नाही, लेकरांनो. आज उपाशी राहा."

ऊन तापलं. बैल फुगला. दुसरा दिवस उजाडला तरी ठकाई जागची हलली नाही. पाटलानं माणसं पाठवली, तिला उचलून बाजूला करा म्हणून. पण तिच्या अंगाला असा वास सुटला होता, की हात लावायला कुणी धजेना. ती त्यांना म्हणाली, "लाजता कशाला? बसा की पंगतीला."

शेवटी पाटील स्वतः आला, नाकाला उपरणं लावून.

"ठके, ऊठ. बैल माझा आहे."

"तुमचाच आहे, पाटील. मग हात ठेवा त्याच्यावर आणि सांगा, हे अन्न चोख आहे. मी उठते."

पाटील एक पाऊल मागं सरला, तशी ठकाई म्हणाली,

"जन्मभर यानं तुमचा नांगर ओढला. मेल्यावर त्याला मारेकरी केलंत."

पाटलानं रागानं हात पुढं केला. हरण्याच्या वशिंडाला बोटं लागली मात्र, पण अन्न चोख आहे, हे तोंडून निघेना. हात तसाच राहिला.

असं म्हणतात, त्या वेळी कड्यावरची सगळी गिधाडं खाली आली आणि खडकाभोवती बसली. पंख पसरून त्यांनी ठकाईवर सावली धरली, पाटलावरही धरली. चोच मात्र एकानंही लावली नाही.

मग पाटलानं कुदळी मागवल्या. कातळात पहिला घाव त्यानं घातला. ठकाई बैलावर बसूनच बघत होती. माणसं थांबली, की म्हणायची, "अजून खणा." खड्डा तिच्या मनासारखा खोल होईपर्यंत ती उठली नाही.

पुढं ठकाई म्हातारी झाली. मरताना तिनं धनगरवाड्यावरच्यांना सांगितलं, "मला पुरू नका. खडकावर ठेवा. माझ्यात विष नाही." तसं करायचा धीर कुणाला झाला नाही. ते विचार करत बसले आणि पहाटे बघतात, तर अंथरूण रिकामं. कड्यावरून गिधाडांचा थवा उंच उंच चढत होता, असं म्हणतात.

हेदवणात अजून जनावर मेलं, की मालक त्याच्यावर हात ठेवतो आणि ठकाईची आण घेऊन सांगतो, अन्न चोख आहे. आता ढोरांना सुया टोचतात. त्यातल्या काही औषधांनी मेलेलं ढोर खाणारी गिधाडं मरतात, हे लोकांना कळलं आहे. तसली सुई दिलेलं जनावर असेल, तर मालकाचा हात उचलत नाही. तो कुदळ आणायला जातो आणि आळी त्याच्या मदतीला येते. कातळ फोडण्यात दिवस जातो.

बाहेरगावचे लोक हसतात. म्हणतात, कड्यावर आता उरलीत ती चार गिधाडं, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

वाड्यावरच्या बायका त्यांना विचारतात, "पाहुणे चारच असले, तर त्यांच्या पानात विष चालतं का?"